एका महिन्याला एक गुण

साकोलीला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत मी सहा वर्षं ज्यांच्या घरी भाड्यानं राहिलो, त्या काकूंचा मोबाइलवर काडीचाही विश्वास नव्हता. म्हणूनच की काय, मोबाइलचा त्यांच्याइतका उपयोग करून घेतलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझा मात्र मोबाइलवर पूर्ण विश्वास होता. शिवाय मी एकोडीच्या रस्त्यावरच्या एका गावातल्या शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवत होतो. आमच्या दोघांत गुरुजी कोण, हा प्रश्न गल्लीत कुणी उघडपणे विचारला नाही, ही त्या गल्लीची माणुसकी म्हणायची.

काकूंचं वय तेव्हा सदुसष्ट-अडुसष्ट असेल. शिक्षण चौथीपर्यंत. नवरा तांदळाचा व्यापार करायचा. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा हैदराबादला होता. त्यानं एका दिवाळीला मोठ्या पडद्याचा फोन आणून आईच्या हातात दिला आणि "यात सगळं आहे" असं सांगून तो परत गेला. काकूंना नेमकं ते 'सगळं' खटकलं.

"ज्याच्यात सबन राहते, त्याच्यात एकही काम धड नाही राहत," त्या मला म्हणाल्या. "माया सासऱ्याच्या दुकानात सबन होतं. मीठ मांगलं तर खिळे निघत. म्हणून मी याचा एका महिन्यात एकच गुण पाहते. तो पास झाला, तर मंग दुसरा."

आणि त्यांनी ते खरंच तसं केलं. भिंतीवर राईस मिलवाल्याचं कॅलेंडर होतं. दर पहिल्या तारखेला त्या पेन्सिलीनं महिन्याच्या नावाखाली त्या महिन्याचा गुण लिहायच्या. पहिला महिना टॉर्चचा. तो तीनच दिवसांत पास झाला, पण म्हणून त्यांनी पुढचा गुण आधी उघडला नाही. उरलेले सत्तावीस दिवस फोनला फक्त उजेडच पाडायचा होता. मुलाचा फोन आला तर त्या उचलायच्या, तेवढी सवलत होती.

दुसरा महिना गजराचा. त्या महिन्यात त्यांच्या घरात कमीत कमी दहा वेळा गजर व्हायचा. डाळ भिजवायचा वेगळा, विरजण लावायचा वेगळा, समोरच्या आजीच्या रक्तदाबाच्या गोळीचा वेगळा. शेवटचा गजर पाहुण्यांसाठी होता. लांबलचक बसणारं कुणी येताना दिसलं, की काकू दारातूनच अर्ध्या तासाचा गजर लावून त्याला "या, बसा" म्हणायच्या. गजर वाजला की स्वतःच दचकायच्या, "अरे बाप्पा, टाइम झाला," म्हणायच्या, आणि पाहुणाही आपोआप उठायचा. कशाचा टाइम झाला, हे विचारायची हिंमत कुणाला झाली नाही. मीही एकदा असाच उठून माझ्या खोलीत गेलो आणि तिथं गेल्यावर मला कळलं की मी तर इथलाच आहे.

नवा गुण तपासायची त्यांची एक रीत होती. "पहिले जे मले मालूम आहे ते विचारते. त्यात पास झाला, तर मंग जे मले मालूम नाही ते विचारू." सांगायला सोपी वाटते, पण मी पंचवीस वर्षं शिक्षक असून मला ती कधी सुचली नव्हती. मी नेमकं उलट करायचो. जे मला अजिबात ठाऊक नाही ते फोनला विचारायचो आणि तो सांगेल ते लोकांना शिकवायचो.

याचा पुरावा म्हणजे शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या भावाचं लग्न. गाव नागझिऱ्याच्या बाजूचं होतं. मी ऐटीत फोनवर नकाशा लावला आणि भेटवस्तू म्हणून घेतलेली स्टीलची बादली मोटारसायकलला अडकवून निघालो. नकाशानं मला जंगलखात्याच्या एका बंद फाटकापाशी नेऊन सोडलं आणि 'आपण पोहोचलात' असं जाहीर केलं. फाटकावरच्या चौकीदारानं मला आणि बादलीला नीट न्याहाळलं आणि पाणवठा भरायला आलात का, असं विचारलं. लग्नात मी पोहोचलो तेव्हा वरपक्ष जेवून आडवा झाला होता.

काकूंनी सगळी हकिगत ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "गुरुजी, याले पहिले आपल्या घरचा रस्ता विचारला होता काय?"

नव्हता विचारला. त्यांनी विचारला होता. नकाशाच्या महिन्यात त्या रोज फोन हातात धरून देवळात, चक्कीवर, आठवडी बाजारात जायच्या, जिथं त्या चाळीस वर्षं जात होत्या तिथंच. रस्ता चुकला तर फोनचा, अशी व्यवस्था होती. चक्कीच्या मागं एक छोटी बोडी आहे. उन्हाळ्यात ती आटते आणि लोक तिच्या मधून पायवाट पाडतात. फोननं भर श्रावणात काकूंना त्या पाण्यातून जायला सांगितलं. काकू काठावर उभ्या राहून त्याला म्हणाल्या, "मी जाते. तू येतं काय?" त्या दिवसापासून त्यांनी नकाशाला 'उन्हाळ्यापुरता पास' असा शेरा दिला.

झाडपाला ओळखणाऱ्या कॅमेऱ्याचीही तीच गत. त्यांनी त्याला तुळस दाखवली, पळस दाखवला, मोहाचं पान दाखवलं. सगळं बरोबर आलं. मग त्या मला मोटारसायकलवर बसवून आपल्या दिराच्या शेतावर घेऊन गेल्या, म्हणजे चालवत मी होतो, पण बसवलं त्यांनी. तिथं धानात उगवलेला करगा त्यांनी फोनला दाखवला. करगा म्हणजे रानटी धान. निसवेपर्यंत, म्हणजे लोंब्या बाहेर पडेपर्यंत, तो चांगल्या धानासारखाच दिसतो. फोननं त्याला धान म्हटलं.

"नापास झाला," मी जरा खुशीत म्हणालो. माझ्याशिवाय दुसरं कुणी नापास होताना पाहायला मला आवडायचं.

"याच्यात कायले नापास करू?" काकू म्हणाल्या. "माया नवऱ्याले जन्मभर नाही ओळखू आला. अन् तुमाले कोनता ओळखू येते?"

पण गुण पास झाला, की तो त्या एकट्यापुरता ठेवायच्या नाहीत. दुपारी गल्लीतल्या चार बायका सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, जमायच्या आणि काकू शिकवायच्या. कॅमेऱ्यासमोर इंग्रजी धरलं की मराठी दिसतं, हे त्या गल्लीत प्रत्येकीला येऊ लागलं. त्यातून फवारणीच्या डब्यावर काय लिहिलंय ते कळलं, औषधांच्या पट्ट्यांवरच्या तारखा कळल्या, आणि काकूंना हेही कळलं की हैदराबादच्या सुनेनं पाठवलेली जी क्रीम त्या दोन वर्षं तोंडाला लावत होत्या ती टाचांच्या भेगांसाठी होती. "तोंडाले एक भेग नाही पडली," त्यांनी समाधानानं सांगितलं. त्या भाषांतराच्या महिन्यात माझी मुलगी पुण्याहून सुट्टीला आली होती. ती तिथं इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. आमचं घर नाकाडोंगरीला. बायको तिथं माझ्या आईवडिलांजवळ राहायची. मुलगी मात्र पंधरा दिवस साकोलीला काकूंच्याच मागं-मागं फिरली. पुढं ती दर रविवारी काकूंना फोन करायची. मला वाटायचं, बायकांच्या गप्पा.

याच काळात मी जिल्ह्याच्या ठिकाणी तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलो. विषय होता 'दैनंदिन जीवनात डिजिटल साधने'. प्रमाणपत्र मी फ्रेम करून खोलीत लावलं. काकूंनी ते वाचलं आणि तीन दिवसांत काय-काय शिकवलं ते विचारलं. मी म्हणालो, पुष्कळ. त्याहून जास्त मला सांगता येणं शक्य नव्हतं. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या की मी वाजवत होतो, कारण बोलणाऱ्याचं मला धड काही ऐकूच आलं नव्हतं.

आता हे सांगूनच टाकतो. मला कमी ऐकू यायला लागून तेव्हा जवळजवळ दोन वर्षं होत आली होती. आधी डावा कान गेला, मग उजव्यानं त्याची संगत धरली. मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. लपवायला मला फार हुशारी लागली असं नाही. माझ्याजवळ तीन उत्तरं होती: 'हो', 'पाहू' आणि 'छान'. समोरच्याचा चेहरा बघून त्यातलं एक द्यायचं. माणसाला बहुतेक वेळा एवढंच हवं असतं, असा माझा अनुभव आहे. वर्गात मी मुलांच्या बाकाजवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून, वाकून त्यांचं बोलणं ऐकायचो. 'मुलांत मिसळणारा शिक्षक' म्हणून माझं कौतुक झालं. बायको म्हणायची, तुम्ही माझं ऐकतच नाही. पण ते ती लग्नाच्या पहिल्या वर्षापासून म्हणत होती, त्यामुळं तिलाही काही फरक जाणवला नाही. अडचण फोनवर यायची. तिथं चेहरा दिसत नाही. म्हणून फोनवर मी सरसकट 'छान' म्हणायचो, 'जेवत जा वेळेवर' म्हणायचो, आणि रेंज नाही असं सांगून ठेवून द्यायचो.

मग काकूंच्या कॅलेंडरवर मोजपट्टीचा महिना आला. फोन समोर धरला की अंतर मोजून मिळतं, हा तो गुण. त्यांनी दार मोजलं, चूल मोजली, शेजाऱ्याची भिंत त्याच्या नकळत मोजली, माझी मोटारसायकल मोजली. त्या माझ्या पाठीमागं फोन धरून हिंडताना दिसायच्या, पण त्या महिन्यात त्या सगळ्याच वस्तूंच्या मागं हिंडत होत्या, म्हणून मी लक्ष दिलं नाही. महिना संपल्यावर त्यांनी मला सपरीत बोलावलं, समोर जवळ बसवलं आणि वहीचं एक पान पुढं ठेवलं.

पानावर लिहिलं होतं: 'चार फूट, बराबर. सहा फूट, तोंड दिसते तर बराबर. आठ फूट पाठमोरे, छान.'

"हे काय आहे?" मी विचारलं.

"तुमचं माप आहे," काकू म्हणाल्या. "आठ फुटावरून म्हणलं, तुमच्या गाडीच्या सीटवर मांजर बाळंत झाली. तुम्ही म्हणले, छान. मंग म्हणलं, तुमच्या खोलीत साप गेला. तुम्ही म्हणले, पाहू. काल म्हणलं, गुरुजी, मी मायी मागची वाडी तुमच्या नावावर करून देते. तुम्ही म्हणले, हो हो, अन् पेपर वाचत राहिले."

मी म्हणालो, "मले ऐकू येते, काकू. लक्ष नव्हतं मायं."

"सहा फुटावर लक्ष राहते अन् आठ फुटावर नाही राहत काय?"

मी उठलो. चहा तसाच ठेवला. त्यानंतर आठ दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. काकू मला रोज रात्रीची भाजी द्यायच्या, ती न घेता मी हायवेवरच्या ढाब्यावर जेवलो. लोकांना वाटलं, माझा अपमान झाला म्हणून मी रागावलो. राग नव्हता तो. मला भीती वाटत होती. डॉक्टरकडं गेलो तर तो सांगेल, आणि त्यानं सांगितलं की ते खरं होईल, मग शाळेत कळेल, मग मुलं मागच्या बाकांवरून काय-काय बोलतील आणि मी त्याला छान म्हणत राहीन. मुलांना ते केव्हाच कळलं होतं, हे मला पुढं समजलं. मागच्या बाकांवर दोन वर्षं भेंड्या चालल्या होत्या.

नवव्या दिवशी शाळेतून आलो तर काकू माझ्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. दारातून थेट माझ्यासमोर आल्या, मोजून चार फुटांच्या आत.

"तुमची पोरगी परीक्षेले बसली नाही," त्या म्हणाल्या. "तुमाले मालूम आहे काय?"

"कोण म्हणते?"

"तिनंच सांगितलं तुमाले. दोन महिने झाले. तुम्ही म्हणले, छान, जेवत जा वेळेवर. अन् फोन ठेवून देला."

मी खाटेवर बसलो. फोन मला आठवत होता. तिचा आवाज जरा हळू येत होता, आणि रेंजचं कारण मी नेहमीपेक्षा लवकर काढलं होतं.

"तिले वाटते, बाप टोमणा मारून राहिला," काकू सांगत होत्या. "अन् वरून तुम्ही रोज सकाळी तिले ते पाठवता. मेहनतीशिवाय फळ नाही. अपयश आळशाच्या घरी पाणी भरते. मले वाचून दाखवलं तिनं. रोज एक."

सुविचार. रोज सकाळी सहा वाजता, फुलांच्या फोटोसकट, मी साठ लोकांना ते पाठवायचो. मुलगी त्या साठांतली एक होती. मुलीला जाऊन लागतील असे सुविचार मी दोन महिने न चुकता पाठवले होते, आणि ती रोज अंगठ्याचं चित्र पाठवून मला उत्तर देत होती. कॉम्प्युटरचा शिक्षक म्हणून मी आयुष्यात एकच साधन सातत्यानं वापरलं, ते हे.

"तुम्ही तिले सांगितलं काय, मायं कानाचं?"

"मी काहून सांगू? कान तुमचे आहेत."

मी म्हणालो, मी आत्ता तिला लिहून कळवतो. फोन हातात घेतलाही. काकूंनी तो काढून घेतला. "लिहू नोका. सुविचार बहोत झाले. तिले बापाशी बोलाचं आहे. मी एक गुण पाहून ठेवला आहे, या महिन्याचा नाही तरी."

कॅलेंडर मोडून काकूंनी काही केलं असं सहा वर्षांत तेवढं एकदाच घडलं. फोनसमोर माणूस बोलला की त्याचं बोलणं पडद्यावर लिहून येतं, असा तो गुण होता. मी प्रशिक्षणात तो पाहिला होता म्हणे. निदान माहितीपत्रकात त्याचं चित्र होतं. काकूंनी तो आठ दिवस, मी ढाब्यावर जेवत होतो तेव्हा, तपासला होता. रेडिओवरच्या बातम्या फोननं धडाधड लिहिल्या. देवळात आलेल्या बाहेरगावच्या महाराजांचं प्रवचनही लिहिलं. फक्त काकू स्वतः बोलल्या की त्याला काही उमजेना. त्यांचं एक वाक्य गेलं, की पडद्यावर कशाचा कशाशी मेळ नसलेले पाच-सहा शब्द यायचे, आणि काकू भडकायच्या.

मी त्यांना सुचवलं की जरा पुस्तकातल्यासारखं बोलून पाहा. माझ्या शहाणपणाच्या गोष्टींत ही एक धरावी.

"मी नाही बदलवत," काकू म्हणाल्या. "सूनबाईच्या माहेरच्यांसमोर नाही बदलवलं. तहसीलमंधल्या साहेबासमोर नाही बदलवलं. तो म्हणे, आजी, नीट बोला. मी म्हणलं, मी नीटच बोलून राहिली, तू नीट ऐक. अन् आता या फोनसाठी बदलवू? माया बोलीत हजारो लोक बोलतात. त्यानं शिकावं. आपल्या दोघाच्या कामाचा नाही हा गुण. पण तुमची पोरगी पुण्यात राहून रेडिओसारखी बोलते, तिच्यापुरता चालते."

रविवारी दुपारी आम्ही सपरीत बसलो. खाटेवर काकूंचा फोन, त्याच्याशेजारी पडदा माझ्याकडं करून माझा फोन. काकूंनी मुलीला फोन लावला आणि आवाज मोठा केला. मला एक बारीक घरघर ऐकू आली, दूर कुठंतरी पंपाची मोटर चालू असल्यासारखी. तो माझ्या मुलीचा आवाज होता. मग पडद्यावर अक्षरं आली: काकू कशा आहात.

काकू काहीतरी बोलल्या. पडद्यावर तीन असंबद्ध शब्द आले. मग पुन्हा स्वच्छ ओळ: बाबा आहेत तिथे.

काकूंनी मला कोपरानं ढोसलं. मी म्हणालो, "हो." पुढचं वाक्य मी सकाळपासून पाठ केलं होतं. तेवढ्यात ओळी येऊ लागल्या. त्यांत ना स्वल्पविराम होते ना पूर्णविराम, सगळं एका दमात: बाबा मी परीक्षेच्या खोलीत गेले होते पेपर हातात घेतला आणि उठून आले का ते मलाच माहीत नाही मी आईला नाही सांगितलं आधी तुम्हाला सांगितलं कारण घरात तुम्हीच ऐकून घेता

तिथं ओळ थांबली.

मी ती पुन्हा वाचली. घरात तुम्हीच ऐकून घेता. लहानपणापासून ती शाळेतलं, मैत्रिणींचं, भांडणांचं सगळं मला सांगायची आणि मी ऐकायचो, तेव्हा खरंच ऐकायचो. गेली दोन वर्षं मी नुसता मान हलवत होतो आणि ती पोर त्याच हिशेबानं माझ्याकडं आली होती. मला इतकी शरम कधी वाटली नव्हती. प्रमाणपत्र, तीन उत्तरं, वर्गातलं वाकणं, सगळ्याची शरम वाटली.

पडद्यावर पुढं काहीच येईना. मी वाट पाहिली. बारीक रेघ तेवढी लुकलुकत होती. घरघरही थांबल्यासारखी वाटली. मला वाटलं, फोन कटला, आणि खरं सांगतो, क्षणभर बरंही वाटलं. मी काकूंकडं पाहिलं. त्या माझ्याकडं पाहत नव्हत्या, खाटेवरच्या फोनकडं पाहत होत्या. मग वळून मला काहीतरी म्हणाल्या, पण तोंड पदराआड होतं, आणि पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज अगदी बारीक केला होता. पडद्यावर त्यांचे शब्द आले, त्यांचा काही अर्थ लागेना. त्यांनी पडद्याकडं पाहिलं. पुन्हा बोलल्या. पुन्हा तेच.

तेव्हा काकूंनी पदर सारखा केला. त्या ताठ बसल्या. माझा फोन उचलून तोंडासमोर धरला आणि चौथीच्या वर्गात बाईंसमोर उभं राहून धडा वाचावा तशा, एक-एक शब्द सुटा करून बोलल्या. बोलून झाल्यावर त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि तोंड फिरवून वाडीकडं पाहत बसल्या.

पडद्यावर स्वच्छ लिहिलं होतं: मुलगी रडत आहे आता तुम्ही बोला

"बेटा," मी म्हणालो, "मले ऐकू नाही येत. दोन वर्षं झाले. तू तवा काय म्हणली, ते मी आता वाचलं."